खळ पुरेशी आहे, पण पसरत नाही

प्रश्न : आमचा कारखाना लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आहे. टॅब्लेटसाठी भुकटीचे ओले दाणे करायला २५० लिटरच्या आरएमजीत (रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटर या यंत्रात) १०० किलोची बॅच घेतो. भुकटी बांधण्यासाठी ३ किलो मक्याच्या स्टार्चची ३० किलो खळ करून वरून ओततो. मुठीएवढे गोळे होतात, बाकीची भुकटी कोरडीच राहते. पावसाळ्यात त्रास वाढतो. पाणी कमी करावं का?

उत्तर : पाण्याला एवढ्यात हात लावू नका. एक गोळा सुरीने कापून बघा. आत कोरडी भुकटी निघाली, तर दोष खळीच्या मापात नाही, ती पसरण्यात आहे.

घट्ट खळ भुकटीत झिरपत नाही, पडते तिथेच साचते. तिला फोडायचं काम इम्पेलर (तळाशी फिरणारं मोठं पातं) आणि चॉपरचं (गोळे तोडणारं छोटं, वेगवान पातं), म्हणून दोन्ही चालू असतानाच ती आत गेली पाहिजे. इम्पेलर फार हळू असला तर भुकटी जागच्या जागी उसळते आणि धारेखाली तोच थर पुन्हापुन्हा भिजतो. भुकटी कडेने वर चढून मध्ये कोसळत असेल, तर धारेखाली सतत कोरडा थर येतो. झाकणाच्या काचेतून आधी हे पाहा, मगच खळ सोडा. बादली उपडी करू नका. पंपाने ३ ते ४ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ८-१० किलो सोडा. धार भिंतीवर पडली तर तिथे थर चिकटतो आणि पुढे त्याचेच ढलपे मालात येतात.

खळही तपासा. कुळथाची पिठी करताना पीठ आधी गार पाण्यात कालवतात, तसंच ३ किलो स्टार्च ५ किलो गार पाण्यात कालवून २२ किलो उकळत्या पाण्यात ढवळत सोडा. अर्धपारदर्शक झाली की वजन करा; वाफेने गेलेलं पाणी भरून काढा, हे हमखास राहून जातं. ५०-६० अंशांना ती वाहती असते, गार झाली की थिजते.

आता पावसाळा. उघड्या पोत्यातला स्टार्च हवेतली ओल ओढतो. फॉर्म्युल्यात भुकटीतच ४० किलो स्टार्च असेल आणि त्याची ओल ११ टक्क्यांवरून १४ वर गेली, तर १.२ किलो पाणी आधीच आरएमजीच्या बाऊलमध्ये आलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून खळीतलं पाणी तोडलं की खळ आणखी घट्ट होते आणि गोळे वाढतात. त्यापेक्षा पोती वेळेवर बंद करा, वजन करण्याआधी ओल मोजा.

खळ संपल्यावर १-२ मिनिटं घोळवणं सहसा पुरतं. इम्पेलरच्या मोटरवरचा भार दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा झपाट्याने चढू लागला की थांबा. वेळ किंवा वेग कायमचा बदलायचा असेल, तर क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभागाकडून) चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाचा लेखी प्रस्ताव, आधी मंजूर करून घ्या.

प्रश्न : खळीऐवजी पीव्हीपी के-३० (पाण्यात विरघळणारी, भुकटी बांधणारी पावडर) कोरडीच मिसळून वरून नुसतं पाणी फवारलं तर? (महाड)

उत्तर : चालतं. पाणी पातळ असल्याने लवकर पसरतं. मात्र पीव्हीपीला विरघळायला वेळ द्यावा लागतो, आणि ती आधी पाण्यात विरघळवून घातलेल्या द्रावणाइतकीच पकड हवी असेल तर बहुधा तिचं प्रमाण वाढवावं लागतं.