मॉर्गन डॉलरवरील कानाजवळचे केस सपाट दिसत असतील, तर ते नाणे झिजलेलेच मानावे का?

आपल्याकडे वडिलांनी अमेरिकेहून आणलेले १८८१-एस, १८९१-ओ आणि १९२१ असे तीन मॉर्गन डॉलर, म्हणजे जॉर्ज मॉर्गन यांनी आखणी केलेली अमेरिकेची जुनी चांदीची डॉलर-नाणी, आहेत (वर्षापुढचे अक्षर टांकसाळीची खूण). त्यांपैकी १८९१-ओ वर लिबर्टीच्या (पुढच्या बाजूवरील स्वातंत्र्यदेवतेच्या) कानावरचे केस सपाट दिसतात, म्हणून एका विक्रेत्याने ते ‘वापरून झिजलेले’ ठरवले; ते बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे. नाणे हाती घेतल्याशिवाय मी निकाल देऊ शकत नाही. मात्र केवळ कानावरचे केस पाहून दिलेला निकाल मी मानणार नाही, आणि १८९१-ओ च्या बाबतीत तर मुळीच नाही.

नाण्यावर एखादा तपशील दिसत नसेल, तर त्याची कारणे दोन असू शकतात : तो होता आणि हाताळणीने झिजला, किंवा तो मुळात उमटलाच नाही. मॉर्गन डॉलरच्या पुढच्या बाजूवरील कानावरचे केस आणि मागच्या बाजूवरील गरुडाची छाती ही स्थळे जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे छापताना चकतीच्या एकाच भागातील धातूला दोन्हीकडच्या खोल खाचांत शिरावे लागते; दाब थोडा जरी कमी पडला, तरी सर्वांत आधी हीच दोन ठिकाणे अपुरी राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची नाणी (मागे पुष्पचक्राखाली ‘ओ’ हे चिन्ह) या दोषासाठी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत आणि १८९१ चे नाणे त्यांतही पुढच्या रांगेत बसते. याउलट सॅन फ्रान्सिस्कोची, म्हणजे ‘एस’ चिन्हाची, १८८० च्या आसपासची नाणी इतकी ठसठशीत असतात की आपले १८८१-एस शेजारी ठेवले, तर कोणतेही १८९१-ओ बिचारे म्हातारेच वाटेल.

हा फरक ओळखण्यासाठी भिंगाआधी दिवा लागतो. खोलीतील ट्यूबलाइट बंद करून टेबलावर एकच पिवळ्या प्रकाशाचा दिवा ठेवावा, खाली जाड मऊ कापड अंथरावे, नाणे केवळ कडेने धरावे आणि दिव्याखाली सावकाश कलते करत फिरवावे. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याभोवती फिरताना दिसतात. ही चकाकी पॉलिशची नव्हे; छापताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, तेव्हा पृष्ठभागावर ज्या अतिसूक्ष्म रेषा उठतात, त्यांची ती असते आणि बोटांच्या घर्षणाने सर्वांत आधी तीच जाते. म्हणून हा पट्टा गालावरून, कपाळावरच्या केसांवरून, टोपीच्या घडीवरून आणि कापसाच्या बोंडांवरून जाताना तुटतो का, तेथे मळकट करडा डाग पडतो का, हे पाहावे. माझ्याजवळच्या १८९१-ओ वर कानावरचे केस जवळजवळ नाहीतच, गरुडाची छातीही कोंबडीच्या सोललेल्या छातीसारखी गुळगुळीत आहे. तरीही पट्टा गालावरून न अडखळता जातो, आणि सपाट भागावर भिंग धरले की छापण्यापूर्वी चकतीवर असलेले बारीक ओरखडे अजून जसेच्या तसे दिसतात. झीज झाली असती, तर ते केव्हाच पुसले गेले असते.

अमेरिकेत नाण्यांची प्रत १ ते ७० या मापावर ठरते. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ते जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडले होते. ६० पासून पुढे ‘मिंट स्टेट’, म्हणजे झीज अजिबात नाही. ५० ते ५८ म्हणजे उंच भागांवर किंचित घासलेले. गंमत अशी की नीटनेटके ५८ हे ओरखड्यांनी भरलेल्या ६० पेक्षा डोळ्यांना कितीतरी सुंदर दिसू शकते. याचे कारण पोत्यांत आहे. हे डॉलर हजार-हजारांच्या कापडी पोत्यांत भरून ठेवले जात. एका नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे पोते जवळजवळ २७ किलोंचे. ते उचलून टाकले की एकाची दातेरी कड दुसऱ्याच्या गालावर आपटे. केसांत लपलेला ओरखडा परीक्षक माफ करतात, गालावरचा करत नाहीत. आपल्या १८८१-एस ची प्रत ६३ की ६५, हे बहुतांशी त्या गालावरच ठरेल.

धुतलेल्या नाण्याविषयी मी स्वतः फसलो आहे, म्हणून सांगतो. एका विक्रेत्याकडून ‘न वापरलेले’ म्हणून घेतलेले नाणे पांढरेशुभ्र होते. घरी दिव्याखाली धरले, तेव्हा मोकळ्या जागेवर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेषा दिसल्या आणि अक्षरांच्या पायथ्याशी, जेथे कापड पोहोचले नव्हते, तेथे काळा मळ तसाच होता. अशा नाण्याला प्रमाणन संस्था, म्हणजे नाणे तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्या संस्था, अंक देत नाहीत. ‘डिटेल्स’ असा शेरा मारून परत करतात. लक्ष्मीपूजनाआधी राणीछाप रुपये चिंचेने किंवा रांगोळीने घासण्याची आपल्या घरांतील सवय येथे महागात पडते. हे तीन डॉलर कृपया कोणालाही उजळू देऊ नका.

१९२१ चे नाणे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटिशांमार्फत रुपयांसाठी भारतात आली. त्यांच्या जागी नवे डॉलर पाडायचे ठरले, तोवर जुने साचे नष्ट झालेले होते. त्यामुळे मॉर्गन यांना नवे करावे लागले, आणि त्यांचा उठाव जुन्यांपेक्षा उथळ आहे. म्हणजे १९२१ च्या गरुडाची पिसे १८८१-एस शी ताडून पाहणे अन्यायाचे होईल; ती १९२१ च्याच दुसऱ्या नाण्याशी ताडावीत. त्या वर्षी तीन टांकसाळींत मिळून ८ कोटी ६० लाखांहून अधिक नाणी पाडली गेली, त्यामुळे गाल असामान्य स्वच्छ नसेल, तर ते प्रमाणनासाठी परदेशी पाठवण्याचा खर्च नाण्याच्या किमतीतून निघणार नाही. १८९१-ओ वर वर सांगितलेला पट्टा अखंड फिरला, तर मात्र ते त्या विक्रेत्याने सांगितलेल्या भावाला देऊ नका.