विस्थापित, निर्वासित, धरणग्रस्त: कोणता शब्द कुठे?

कराडच्या एका संशोधक विद्यार्थिनीनं विचारलं आहे. संघर्ष, विस्थापन आणि कायद्यातल्या सुधारणा या सगळ्यांत माणसांचे हक्क कसे राखले जातात, हा त्यांचा विषय. प्रश्नावलीत त्यांनी सगळीकडे 'विस्थापित' लिहिलं होतं. पाटण तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली: आम्ही विस्थापित नव्हे, धरणग्रस्त. मग निर्वासित, स्थलांतरित, बाधित हेही शब्द पुढ्यात आले. यांतला बरोबर कोणता?

त्या गृहस्थांचं म्हणणं आधी घेतो, कारण ते मला पटतं. 'ग्रस्त' हे 'ग्रस्', म्हणजे गिळणे, या धातूपासून आलेलं रूप. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. धरणग्रस्त म्हणजे धरणानं गिळलेला. शब्दातच गिळणाऱ्याचं नाव आहे. आपल्या भागात ही घडण किती जिवंत आहे पाहा: कृष्णाकाठचे पूरग्रस्त, माण-खटाव-आटपाडीचे दुष्काळग्रस्त, आणि जंगल राखण्यासाठी गावं उठली ते चांदोलीचे अभयारण्यग्रस्त. 'विस्थापित' हे व्याकरणानं प्रयोजक धातूवरून आलेलं रूप आहे. माणूस आपणहून हलला नाही, त्याला हलवलं, एवढं ते सांगतं. कोणी हलवलं, हे सांगत नाही.

'ग्रस्त' म्हटलं की माणूस केविलवाणा वाटतो, असा आक्षेप काही जण घेतात. सातारा-सांगलीपुरता तरी तो मला मान्य नाही. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी असोत की श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर, दोघांच्याही चळवळींत माणसं धरणग्रस्त म्हणूनच उभी राहिली. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी त्याच नावानं झाली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली. गाव तुटलं, भावकी तुटली, तरी या एका शब्दानं ती आपला हक्क सांगू शकली. शिवाय सरकारदरबारी या शब्दाचा दाखला निघतो. सरकारी नोकऱ्यांच्या समांतर आरक्षणात प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आणि भूकंपग्रस्तांना २ टक्के जागा आहेत. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपामुळे पाटण तालुक्यात एकाच घरात हे दोन्ही दाखले असू शकतात. अशा घरी जाऊन 'तुम्ही विस्थापित का?' असं विचारलं, तर ज्या नावावर त्यांचा हक्क लिहिलेला आहे तेच आपण पुसतो.

मात्र प्रकल्पग्रस्त आणि विस्थापित हे समानार्थी नाहीत, आणि संशोधनात इथेच घोटाळा होतो. शेत धरणात गेलं, पण घर वरच्या अंगाला राहिलं, असा माणूस प्रकल्पग्रस्त आहे, विस्थापित नाही. राज्याच्या १९७६च्या पुनर्वसन कायद्याच्या नावात प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या व्यक्ती होत्या. १९८६ आणि १९९९च्या कायद्यांच्या नावांत त्यांच्या जागी प्रकल्पबाधित व्यक्ती आल्या. घर हललं नाही तरी नुकसान होतं, हे कायद्यानं नावातच मान्य केलं. २०१३च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानं तर संपादनाच्या आधी ३ वर्षं ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर होती, अशा भूमिहीन मजूर-कारागिरांची कुटुंबंही बाधितांत धरली. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस मोजला जावा, यासाठी किती जणांनी किती वर्षं ठिय्या दिला असेल! म्हणून अहवालात 'बाधित' लिहायचं तर नेमक्या याच कायदेशीर अर्थानं लिहा. विस्थापितला सौम्य पर्याय म्हणून तो वापरू नका.

निर्वासितचं उत्तर सोपं आहे. व्युत्पत्तीनं अर्थ 'वास्तव्यातून घालवलेला' एवढाच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांना आपण हाच शब्द लावला. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडेत राहिलेले सुमारे ५,००० पोलिश लोकही निर्वासितच. दोन्हीकडे देशाची सीमा ओलांडलेली आहे. १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची रास्त भीती आणि स्वदेशाबाहेर असणं, या अटी आहेत. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, पण संशोधनात अर्थ हाच धरतात. देशातल्या देशात उठलेल्याला निर्वासित म्हणू नये. तो नागरिक आहे आणि त्याचं देणं त्याच्याच सरकारकडे आहे.

मग 'विस्थापित' कुठे? जिथे कारणं वेगळी आणि हक्क एकच, तिथे. देशांतर्गत विस्थापितांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं सुदानी मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांनी १९९८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. एकूण तत्त्वं ३०. त्यांत सशस्त्र संघर्ष, हिंसाचार, मानवी हक्कांचं उल्लंघन आणि आपत्ती ही सगळी कारणं येतात. सहावं तत्त्व पुढे जाऊन सांगतं की अत्यंत निकडीचं आणि इतर सर्व विचारांवर मात करणारं सार्वजनिक हित नसेल, तर मोठ्या विकासप्रकल्पासाठी केलेलं विस्थापनही मनमानीच ठरतं. मे २०२३ नंतर मणिपूरच्या मदत छावण्यांत गेलेली कुटुंबं आणि कोयनेची कुटुंबं एका वाक्यात आणायची, तर 'विस्थापित'शिवाय दुसरा शब्द मला दिसत नाही.

'स्थलांतरित' जपून वापरा. त्यात बळजोरीचा मागमूस नाही. गळीत हंगामात आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड मजुरांना तो लागू पडतो, जरी त्यांचं येणं कितपत स्वेच्छेचं, हा प्रश्न उरतोच. काश्मिरी पंडितांना सरकारी कागदोपत्री याच अर्थाचा शब्द लावला गेला आणि आम्ही विस्थापित आहोत, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. त्यांचा आग्रह रास्त आहे.

तेव्हा अहवालाच्या शीर्षकात आणि तुलनेच्या प्रकरणांत 'विस्थापित' ठेवा. मुलाखतीत माणूस स्वतःला जे म्हणवतो ते जसंच्या तसं लिहा. प्रश्नावलीत 'तुमचं विस्थापन कधी झालं?' ऐवजी 'गाव कधी उठलं?' असं विचारा, उत्तर लगेच मिळेल. त्याला जोडूनच 'बदली जमीन मिळाली का, लाभक्षेत्रात मिळाली का, ताबा कधी मिळाला?' हेही विचारा (लाभक्षेत्र म्हणजे धरणाचं पाणी शेताला मिळतं तो भाग). ही उत्तरं हातात आल्याशिवाय त्या कुटुंबापुढे 'पुनर्वसित' लिहू नका, मग सरकारी यादीत त्या गावाची नोंद तशी असली तरी.