वाचकांचे प्रश्न : सांधे का आखडतात?

प्रश्न : वय ३८. दोन महिने झाले, सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात. मूठ वळत नाही, कणीक मळायला नऊ वाजतात. आरए फॅक्टर तपासला, निगेटिव्ह आला. म्हणजे वात नाही ना? (कराड)

उत्तर : तसं धरून बसू नका. आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइडच्या, दर चार-पाच रुग्णांमागे एकाचा हा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट उतारवयात काही धडधाकट माणसांचा पॉझिटिव्ह येतो. त्या कागदापेक्षा तुमची बोटं जास्त सांगतील.

उठल्यापासून हात पूर्ण मोकळे व्हायला किती वेळ लागतो, ते आठवडाभर लिहून ठेवा. झिजेच्या दुखण्यात सांधे साधारण अर्ध्या तासात सुटतात आणि दिवसभराच्या कामानंतर दुखतात. आमवातात तास-दोन तास लागतात आणि हालचाल केली की बरं वाटतं. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारातलं आहे. आता कुठले सांधे सुजलेत ते बघा. मूठ वळल्यावर वर येणारे उंचवटे, बोटांचे मधले सांधे आणि मनगटं, तीही दोन्ही हातांची, ही आमवाताची जागा. नखाजवळच्या सांध्यावर टणक गाठ असेल तर ती बहुधा झीज. मात्र सोरायसिस हा त्वचारोग असलेल्यांत तिथे सूजही येते. शेवटी, हस्तांदोलन करताना धरतात तसे ते चारही उंचवटे दोन्ही बाजूंनी हलकेच आवळा. कळ आली तर संशय बळावतो.

अलीकडे चिकुनगुन्याचा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, कारण त्यानंतरचं दुखणं हुबेहूब असंच असतं आणि महिनोन्‌महिने रेंगाळतं. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी आणि सीबीसी या रक्ततपासण्या करून सांधेरोगतज्ज्ञांकडे म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे जा, आणि लवकर जा. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होणं बरंचसं टळतं. मधल्या काळात कुणी वाताची पुडी देईल. दोन दिवसांत जादू झाली तर तिच्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता. सूज दबते आणि निदान लांबतं.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालंच तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. हीच गोळी चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घसरून जीव धोक्यात आल्याची उदाहरणं आहेत. फॉलिक अॅसिड आणि ठरावीक काळाने लिव्हरची तपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर औषध सुरू होण्याआधीच बोला.

प्रश्न : आई ६४ वर्षांची. एक्स-रेत गुडघ्यातली गॅप कमी झालीय. शेजारी म्हणतात, चालू नको, आणखी घासेल. (चिपळूण)

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. आईंना पलंगावर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा. गुडघा गुंडाळीवर दाबून पाच सेकंद धरायचा, मग सोडायचा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखायचा नाही. बहुतेक जण तिथेच चुकतात. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि पुष्कळ जण दुसऱ्याच आठवड्यात कंटाळतात.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं टाळा, संडासात कमोड किंवा त्याची खुर्ची घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुखण्यावर आधी डायक्लोफेनॅकचं मलम वापरा. याच गोळ्या रोज घेतल्या तर पोट, किडनी आणि बीपीवर परिणाम होतो.

प्रश्न : युरिक अॅसिड ७.८ आलं, दुखत काहीच नाही. तूरडाळ आणि टोमॅटो सोडू का? (मालवण)

उत्तर : डाळ सोडायची गरज नाही, डाळी-भाज्यांतल्या प्युरिनने (ज्यापासून युरिक अॅसिड बनतं) गाऊटचा, म्हणजे युरिक अॅसिड साचून सांधा सुजण्याचा, धोका वाढत असल्याचं दिसलेलं नाही. टोमॅटोही चालू द्या. बिअर, कलेजी-गुर्दा, रोजच्या तारल्या-बांगडे आणि गोड कोल्ड्रिंक यांवर मात्र हात आखडा. दुखत नसताना नुसत्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. गाऊट आलाच तर बहुधा रात्री येतो : पायाचा अंगठा लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. ऐन झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मलही दिसू शकतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. एकच सांधा असा तापलाय आणि थंडी वाजून ताप भरलाय, तर गाऊट समजून घरी थांबू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.