स्पॅनिशभाषकांना इंग्रजीतील तुलना शिकवताना

स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्यास तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून प्रथम त्यांच्या चुकांचे मूळ समजून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्पॅनिशमध्ये ‘अधिक उंच’ या अर्थी ‘मास आल्तो’ म्हणतात. विशेषणाला प्रत्यय न लागता त्याच्याआधी ‘मास’ येते, आणि त्यामुळे विद्यार्थी ‘टॉलर’ऐवजी ‘मोर टॉल’ म्हणतो. आपल्या ‘पेक्षा’मुळेही विशेषण बदलत नाही, तेव्हा ही अडचण मराठी शिक्षकाला लवकर उमगावी. लहान विशेषणांचे ‘टॉलर’, ‘चीपर’ हे वळण वाक्यांतून पक्के झाल्यावरच ‘मोर एक्स्पेन्सिव्ह’कडे वळा.

स्पॅनिश तुलनेत ‘पेक्षा’साठी येणारा ‘के’ हा शब्द ‘की’ (इंग्रजी ‘दॅट’) या अर्थीही येत असल्याने ‘टॉलर दॅट’ अशी चूक होते. तेथे ‘दॅन’ हवे, हे प्रत्येक वेळी शांतपणे दाखवा.

मला सर्वांत खोल वाटणारी अडचण निराळीच आहे. ‘मेहोर’ म्हणजे ‘बेटर’ आणि ‘एल मेहोर’ म्हणजे ‘द बेस्ट’. म्हणजेच स्पॅनिशमध्ये तर-भाव (‘अधिक’) आणि तम-भाव (‘सर्वांत’) यांचे रूप एकच असून बहुधा केवळ ‘एल’सारखे उपपद व संदर्भ यांवरून अर्थ ठरतो. म्हणून ‘वर्गातील सर्वांत उंच मुलगा’ सांगताना विद्यार्थी ‘द टॉलर बॉय ऑफ द क्लास’ म्हणतो. त्यातील ‘ऑफ’ हे स्पॅनिश ‘दे’चे भाषांतर आहे, इंग्रजीत तेथे ‘इन’ येते. अशा वेळी तीन मुलांना शेजारी उभे करून दोघांची आणि मग तिघांची तुलना करून घ्यावी.