आडनावावरून कोणाला कळत नसताना ख्रिस्ती नावाला शोभेल असे कसे जगावे?

आपण लिहिले आहे की, अहिल्यानगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त आपण नुकत्याच इंदूरला आला आहात, आडनाव गायकवाड असल्यामुळे आपण ख्रिस्ती आहात हे कार्यालयात कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि गणेशोत्सवात प्रसाद पुढे आला की आपल्याला संकोच वाटतो. आपण होऊन सांगावे की गप्प राहावे, प्रसाद घ्यावा की नाही, आणि एकंदरीत ख्रिस्ती नावाला शोभेल असे जगावे म्हणजे नेमके काय करावे, असा आपला प्रश्न आहे. माझे आजोबा आपल्याच जिल्ह्यातून शिक्षक म्हणून येथे आले आणि माझे आयुष्य याच शहरात गेले. तेवढ्या अनुभवाच्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

महायाजकाच्या वाड्यातील शेकोटीपाशी येशूचा शिष्य पेत्र याने येशूला नाकारले, तेव्हा भोवतालच्या माणसांनी त्याला बोलीवरून ओळखले होते. त्याचे गालिली बोलणे त्याला लपू देईना. आपली अडचण नेमकी उलटी आहे. आपली बोली, साडी, आडनाव, डब्यातली भाजी, सारे काही शेजारणीसारखेच असते, त्यामुळे लपण्यासाठी आपल्याला खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही. माझ्या मते, नव्या जागी पहिल्याच दिवशी धर्म जाहीर करण्याचे कारण नाही. मात्र कोणी विचारले तर उत्तर टाळू नये. खरी कसोटी न विचारता येते. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी ‘पोत्याभर गव्हासाठी धर्म बदललेल्या’ लोकांची थट्टा करतो, सगळे हसतात, आणि आपणही ओठ हलवतो. मी तसा हसलेलो आहे. त्या वेळी शांतपणे ‘माझे घर ख्रिस्ती आहे’ एवढेच म्हटले असते तरी पुरे होते.

प्रसादाविषयी आपल्या मंडळीत एकमत सापडणार नाही. करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांपुढे नैवेद्याच्या मांसाचा हाच प्रश्न होता, आणि प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत त्याला एका शब्दात उत्तर दिलेले नाही. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले निमूटपणे खावे, पण हे मूर्तीला अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नये, असे तो म्हणतो. आणि आपल्या मोकळेपणामुळे दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये, यावर त्याचा सर्वांत अधिक भर आहे. मी स्वतः हात जोडून, ‘प्रसाद म्हणून घेत नाही, एरवी मोदक खायला केव्हाही बोलवा,’ असे सांगतो, आणि शेजारचे काका खरोखर बोलावतात. माझी पत्नी मात्र शेजारणीचे मन मोडू नये म्हणून तो घेते. तीस वर्षांत आम्ही एकमेकांना कमी ख्रिस्ती ठरवलेले नाही.

खरे सांगायचे तर, प्रसादाच्या प्रश्नावर आपण जितका वेळ घालवतो तितका वहीखात्यावर घालवत नाही. मी कापडाच्या एका घाऊक पेढीवर हिशेबनीस होतो. तेथे निम्मा माल पक्क्या बिलावर आणि निम्मा कच्च्या चिठ्ठीवर जात असे, आणि दोन्ही माझ्याच अक्षरात. रविवारी उपासनेत मी गीत सांगत असे, सोमवारी चिठ्ठ्या लिहीत असे, आणि दोहोंत काही विसंगती आहे हे दोन वर्षे मला जाणवलेही नाही. मग एकदा संडे स्कूलमध्ये मुलांना येशूला भेटून पालटलेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट सांगताना, ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन, या त्याच्या बोलण्यापाशी मी अडलो. कारण समोर बसलेल्या एका मुलाचे वडील आमच्याच पेढीवर हमाल होते आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे तेच पोहोचवत असत. दुसऱ्या दिवशी मी शेटजींना सांगितले की यापुढे हे काम माझ्याकडून होणार नाही. त्यांनी मला काढले नाही, फक्त चिठ्ठ्या दुसऱ्याकडे दिल्या आणि माझी पगारवाढ थांबवली. चिठ्ठ्यांचा व्यवहार चालूच राहिला, तेव्हा यात मिरवण्यासारखे काही नाही.

आपल्या या भागातील एक उदाहरण अवश्य जाणून घ्या. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गरिबांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भोसकून हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच कॅथलिक मंडळीने त्यांना ‘धन्य’ घोषित केले. आम्ही प्रोटेस्टंट, संतपदाच्या पायऱ्या आमच्या परंपरेत नाहीत. परंतु त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि मारेकऱ्याला त्यांनी राखी बांधली, ही गोष्ट मला त्या सोहळ्याहून मोठी वाटते. क्षमा ख्रिस्ताने शिकवलेली आणि ती व्यक्त करण्याची रीत या मातीतली. ख्रिस्ती राहण्यासाठी आजूबाजूच्या चालीरीतींपासून फटकून वागावे लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या राखीचा विचार करावा.

मदतीविषयी एक सावधगिरी सांगतो. मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधीचा कायदा १९६८ पासून होता आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. प्रलोभन दाखवून केलेले धर्मांतर त्यात गुन्हा ठरते. पण कायदा नसता तरी माझे मत हेच असते की, आजारी सहकाऱ्याला डबा द्यायचा तर त्यासोबत पत्रक देऊ नये. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, असे आपल्याला शिकवले आहे. आपल्या श्रद्धेविषयी कोणी स्वतःहून विचारले, तर मात्र सौम्यतेने आणि आदराने अवश्य सांगावे.

राहिला प्रश्न कार्यालयात केव्हा सांगावे याचा. यंदा नाताळच्या आठवड्यात घरी करंज्या आणि चकल्या कराल, तेव्हा एक डबा कार्यालयात न्या. दिवाळी होऊन दोन महिने झाले, आता करंज्या कसल्या, असे कोणीतरी विचारेलच.