थॅडियस स्टीव्हन्स सूडबुद्धीचा होता का?

गुलामगिरी लिंकननं संपवली, मग थॅडियस स्टीव्हन्सचं एवढं नाव कशाला, तो तर दक्षिणेवर सूड उगवायला निघाला होता, असं तुम्ही विचारलंय. स्टीव्हन्स म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातला पेनसिल्व्हेनियाचा रिपब्लिकन खासदार आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक; दक्षिण म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली, त्या युद्धात हरलेली राज्यं. सूडाचा आरोप मला अजिबात मान्य नाही.

त्याची जीभ जहाल होती, हे खरं. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या फौजेनं त्याचा पेनसिल्व्हेनियातला लोखंडाचा कारखाना जाळला, हेही खरं. पण त्याची मतं त्या आगीतून आलेली नाहीत. १८३८ साली पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेनं कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना परिषदेचा सदस्य असूनही त्यानं सही केली नाही. त्याआधी १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायच्या बेतात होता, तो त्याच्या भाषणानं वाचला. स्वतः व्हर्माँटच्या गरीब घरातला, पाय जन्मतः अधू, बाप घर सोडून गेलेला. आईनं कष्टानं शिकवलं.

एक डागही सांगायलाच हवा. १८२१ मध्ये गेटिसबर्गला वकिली करताना त्यानं एका मालकाची बाजू लढवून जिंकली आणि चॅरिटी बटलर ही स्त्री मुलांसह पुन्हा गुलामीत गेली. पुढे त्यानं पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनं खटले लढवले, तरी हे पुसलं जात नाही.

युद्धकाळात प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचा तो अध्यक्ष होता. जानेवारी १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्या सभागृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत मी त्यालाही धरतो.

पण मला तो मोठा वाटतो तो त्यानंतरच्या तीन वर्षांसाठी. नुसती बेडी तोडून काय होणार, कसायला स्वतःची जमीन नको का? सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टर या पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या गावी केलेल्या भाषणात त्यानं सरळ हिशेबच मांडला: बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा करा आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. १८६७ मध्ये तसं विधेयकही आणलं. त्याच्याच पक्षातल्या बहुतेकांनी साथ दिली नाही, कारण खासगी मालमत्तेला हात लावायची त्यांची तयारी नव्हती. मग ही माणसं जुन्या मालकांच्याच शेतात वाट्यानं राबत राहिली आणि कर्जात रुतली.

मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या १८६६ च्या चौदाव्या दुरुस्तीतही त्याला हवं ते सगळं नव्हतं. तरी त्यानं ती स्वीकारली. का, तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही, असं त्यानं सभागृहात सांगितलं. सूडानं पेटलेला माणूस अशी तडजोड करेल?

लिंकननंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनवर स्टीव्हन्सनं पुढाकार घेऊन आणलेला महाभियोग १८६८ मध्ये सिनेटमध्ये एका मतानं फसला आणि त्याच ऑगस्टमध्ये स्टीव्हन्स वारला. दफनासाठी त्यानं मुद्दाम वर्णाची अट नसलेली दफनभूमी निवडली होती.

वाचायला सुरुवात करणार असाल तर महाभियोगापासून करू नका. आधी १८६५ चं ते लँकेस्टरचं भाषण पूर्ण वाचा.