तळ्यात गाळ किती येईल? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : सिन्नर तालुक्यातील नियोजित तळ्याचे पाणलोट क्षेत्र ४० हेक्टर आहे. सार्वत्रिक मृदाधूप समीकरणाने हेक्टरी वार्षिक १२ टन धूप निघाली. तळ्यात दरवर्षी ४८० टन गाळ येईल, असे धरावे काय?

उत्तर : असे धरू नये. विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांचे हे समीकरण पाऊस, माती, उताराची लांबी व तीव्रता, पीक-आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांच्या गुणकांवरून उतारावर सुटणारी माती सांगते. त्यातील बरीच माती बांधाशी, उताराच्या पायथ्याशी आणि नाल्याच्या सपाट पात्रात थांबते. उदाहरणादाखल, तळ्यापर्यंत पोहोचणारा हिस्सा ०.४ आणि त्यातला तळाशी बसणारा हिस्सा ०.९ मानला, तर सुमारे १७३ टन उरतात. बसलेला गाळ घनमीटरला १.२ टन धरल्यास ही जागा वर्षाला १४४ घनमीटर, म्हणजे १५ वर्षांत २१६० घनमीटर होते, आणि गाळासाठी तेवढी जागा पाण्याच्या उपयुक्त साठ्याहून वेगळी ठेवावी लागते. मात्र घळी पडणे आणि नाल्याचे काठ ढासळणे या समीकरणात येतच नाही. तुमच्या नाल्याचे काठ उभे आणि उघडे असतील, तर ती माती प्रत्यक्ष पाहून वेगळी मिळवा. लहान पाणलोटात हाच आकडा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो.

प्रश्न : एका तक्त्यात याच समीकरणातला मातीचा गुणक ०.२५ आहे, दुसऱ्यात ०.०३३. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही. पहिला अमेरिकी एककांत आहे, दुसरा मेट्रिक; पहिल्याला ०.१३१७ ने गुणले की दुसरा मिळतो. पावसाचा गुणकही त्याच पद्धतीचा घ्यावा.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरकडील नागली-वरईच्या उतारांसाठी वार्षिक पर्जन्यमान पुरेसे आहे का?

उत्तर : ढोबळ अंदाजापुरते. पावसाचा गुणक सरींची ऊर्जा आणि त्यांतील कमाल ३० मिनिटांची तीव्रता यांवर ठरतो. शिवाय नागलीच्या लावणीसाठी जमीन मोकळी केली जाते, तेव्हाच पावसाचा जोर असतो; म्हणून पीक-गुणक अख्ख्या वर्षाला एकच न लावता लावणीपूर्व, वाढीचा आणि काढणीनंतरचा असे टप्पे करून काढावा. उताराची लांबीही डोंगरमाथ्यापासून मोजू नये. जिथे पाणी बांधाला अडते किंवा ओघळीत मिळते, तिथे ती संपते.

प्रश्न : उपकरणांशिवाय हा अंदाज पडताळता येईल का?

उत्तर : येईल, आणि कोणत्याही तक्त्यापेक्षा या पडताळणीवर माझा अधिक विश्वास आहे. अशाच मातीच्या आणि उताराच्या शेजारच्या पाणलोटातला जुना बंधारा मे महिन्यात कोरडा असताना निवडा. ठरावीक अंतरावर पहार ठोकून मूळ मुरूम लागेपर्यंतची गाळाची जाडी मोजा, घनफळ काढा आणि त्याला बंधाऱ्याच्या वयाने व पाणलोटाच्या हेक्टरांनी भागा. शेतकऱ्यांनी मधल्या काळात गाळ नेला असेल, तर तो किती ट्रॉल्या आणि कोणत्या वर्षी नेला, हे विचारून त्याचे घनफळ भागाकारापूर्वीच मिळवावे.